झाकली मूठ

माझे वडील तासगावला एका अडत दुकानात दिवाणजी होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ते मला दुकानात घेऊन जात. गादीवर नवे पांढरे अभ्रे, समईचा उजेड, बत्ताशांची परात आणि मध्ये पाटावर तांबड्या कापडाच्या पुठ्ठ्याची नवी कोरी चोपडी. पहिल्या पानावर वडील बोरूने श्रींची उतरंड काढीत. मग हळदकुंकू, विड्याचे पान, सुपारी, वर एक रुपया. आलेगेले सगळे वाकून त्या पानाला नमस्कार करीत. मला त्या वयातही एका गोष्टीचे नवल वाटे. ज्या वहीत अजून काहीच लिहिलेले नाही, ती अशी सताड उघडी, साऱ्या गावाने पाहावी म्हणून मांडलेली. आणि जिच्यात वर्षभराचे सारे लिहिलेले, ती मात्र आतल्या खोलीत लोखंडी पेटीत, कुलपाच्या आड. मी वडिलांना तसे विचारलेही. ते म्हणाले, "पूजा कोऱ्या पानाची करायची असते. भरलेलं पान मालकाचं."

दुसऱ्याचा आकडा ओठांवर आणू नये आणि आपला मनातसुद्धा मोठ्याने म्हणू नये, हा त्यांचा धंद्यातला आणि संसारातला एकच नियम होता. आम्ही भावंडे त्यातच वाढलो. पुढे संस्कृत शिकताना एक सुभाषित भेटले. माणसाने यत्नाने झाकून ठेवाव्या अशा नऊ गोष्टी त्यात सांगितल्या आहेत. वय पहिले, वित्त दुसरे. घरातले उणे, घेतलेला मंत्र, औषध, केलेले दान, सोसलेला अपमान ही सगळी मागाहून येतात. मला वाटले, वडिलांच्या म्हणण्याला शास्त्राचा आधार मिळाला. आणि शास्त्राचाही आधार ज्याला नको, त्याच्यासाठी आपली म्हण आहेच : झाकली मूठ सव्वा लाखाची. ही म्हण ज्याने केली त्याच्या मुठीत फारसे काही नसावे, हा विचार माझ्या मनात फार उशिरा आला.

तो आला माझ्या भाच्यामुळे. हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. मिरजेला राहतो. पुण्यातली एका कंपनीतली नोकरी सोडून तो घरी आला आणि मोबाइलसाठी लहान लहान ॲप्स बनवून विकू लागला. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तो फराळाला आला असता मला म्हणाला, "मामा, यंदाचं सगळं उत्पन्न मी शेअर केलं."

मी चकलीचा तुकडा तसाच हातात धरून त्याच्याकडे पाहत राहिलो. मला वाटले, याने सगळे वाटून टाकले. तुकोबांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली, निदान धाकट्या भावाचा अर्धा वाटा तरी बाजूला काढून दिला, असे सांगतात; याने तेवढेही केले नाही की काय! मी म्हणालो, "अरे, बायकोला विचारलंस का?" तो हसला. वाटले नव्हते, सांगितले होते. वर्षभरात कोणत्या ॲपचे किती पैसे आले ते त्याने महिन्यामहिन्याने मांडून जगासमोर ठेवले होते.

या इंग्रजी शब्दाची मला तेव्हापासून गंमत वाटते. वाटून घेणे आणि सांगणे या आपल्याकडे दोन क्रिया आहेत. पहिलीत जवळचे कमी होते, दुसरीत होत नाही. सांगून टाकण्यालाच वाटून देण्याचे नाव मिळाले की बोलणाऱ्याला आपण काहीतरी दिले असे समाधान मिळते, आणि ऐकणाऱ्याला काहीतरी मिळाले असा भास होतो. पण या भाषेच्या खोडीपाशी मी आताच थांबत नाही; तिच्याकडे परत यावे लागणार आहे.

आधी तो काय विकतो ते सांगितले पाहिजे. त्याच्या चार ॲप्सपैकी दोन कोणी घेत नाही म्हटले तरी चालेल. तिसरे तंबोऱ्याचे. गाणाऱ्याने आपली पट्टी लावावी आणि रियाजाला बसावे. मिरजेत बसून असले ॲप करायचे म्हणजे धाडसच, कारण त्या गावचे सतार-तंबोरे करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हिंदुस्थानभर नावाजलेले. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. भाच्याला त्याची बोच आहे. भोपळा कोरणाऱ्या म्हाताऱ्यासमोरून जाताना आपण मान खाली घालतो असे त्याने मला एकदा सांगितले. मी म्हटले, बोच राहू दे, काढून टाकू नकोस.

चौथे ॲप सगळ्यांत साधे आणि तेच घर चालवते. विणकाम करणाऱ्या बायकांना ओळी मोजाव्या लागतात. दर आठव्या ओळीला दोन टाके कमी करायचे. पस्तिसाव्या ओळीला दाराची घंटा वाजते. परत येऊन बसावे तो चौतीस झाल्या की छत्तीस, हे आठवत नाही. माझ्या बहिणीच्या एका स्वेटराची एक बाही दुसरीहून चार बोटे लांब झाली होती, त्यातून हे निघाले. ओळ संपली की पडद्यावर बोट टेकवायचे. कमी करायची ओळ आली की ते आठवण देते. एवढेच. घेणाऱ्या बहुतेक परदेशातल्या : नॉर्वे, स्कॉटलंड, कॅनडा, जिथे थंडी लांब आणि लोकर चांगली असते. एकदाच काय ते तीन डॉलर द्यायचे.

या धंद्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे. १० जुलै २००८ रोजी 'ॲपल'ने आपले ॲप्सचे दुकान उघडले तेव्हा त्यात अवघी पाचशे ॲप्स होती. त्याच वर्षी गूगलच्या अँड्रॉइडचेही निघाले. दुकानदाराची अडत शेकडा तीस. वडिलांनी हा आकडा ऐकला असता तर कपाळाला हात लावला असता. २०२१ पासून लहान विक्रेत्यांसाठी ती पंधरावर आली. या अडतीच्या बदल्यात एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या वस्तूला एका गावात दोन गिऱ्हाइके मिळायची नाहीत, तिला साऱ्या जगात मिळून काही हजार मिळू लागली. पूर्वी विकणारा गिऱ्हाइकांच्या मध्ये बसे, आणि त्याचे बरे चालले आहे की नाही हे गल्लीला दिसे. कढईतले तेल, दुकानापुढच्या चपला, मुलीच्या लग्नातली पंगत यांवरून लोक अंदाज बांधीत. माझ्या भाच्याच्या दारात चप्पल नसते. तो दिवसभर खोलीत बसतो, त्यामुळे शेजारी तो बेकार आहे असे समजत. आकडा जाहीर करण्याचे अर्धे कारण हे असावे असा माझा संशय आहे. त्याने सांगितलेले कारण वेगळे होते : "मी सुरुवात केली तेव्हा यात पोट भरतं का, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. काहींनी आपले आकडे उघड केले होते, त्यांच्या आधारावर मी चाललो. आता माझी पाळी."

हे कारण चांगले आहे आणि खरेही असेल. माणसाच्या एका कृत्याला दोन कारणे असली म्हणजे त्यांतले हलके तेच खरे, असे मानण्याची आपल्याला खोड आहे. ती मला मान्य नाही.

त्याने तो हिशोब मला दाखवला. आकडा मी इथे देत नाही. तो त्याचा आहे. एवढेच सांगतो की माझ्या वर्षाच्या पेन्शनीच्या तो तिपटीहून थोडा अधिक होता. आणि हा भागाकार मी आकडा वाचल्याच्या पहिल्याच क्षणी, मनातल्या मनात, अचूक केला होता. चौतीस वर्षे मी मुलांना गणित आणि संस्कृत शिकवले. टाके मोजण्याच्या यंत्राला जग जास्त देते, हे मला त्या क्षणी कडू लागले. मुलगा माझाच, लाडका, तरी लागले. आकडा कळण्यापूर्वीही तो तेवढेच मिळवत होता आणि मला काही होत नव्हते.

ज्या नॉर्वेतल्या बायका त्याचे गिऱ्हाईक आहेत, त्या देशात प्रत्येकाच्या करआकारणीची नोंद पूर्वीपासून कोणालाही पाहता येते. २००१ साली ती संगणकावर आली आणि घरबसल्या शेजाऱ्याची, मेव्हण्याची, साहेबाची मिळकत पाहण्याची सोय झाली. लोकांनी पाहिलीही, यथेच्छ. या बदलाचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की श्रीमंतांच्या आणि गरिबांच्या सुखातले अंतर त्या उघडेपणानंतर शेकडा एकोणतीस वाढले. पैसा होता तेवढाच. आपली पायरी कितवी, हे मात्र कळले. २०१४ पासून तिथल्या सरकारने एक बारीक फेरफार केला : पाहायला हरकत नाही, पण तुमचा आकडा कोणी पाहिला हे तुम्हाला कळेल. पाहणाऱ्यांची संख्या एकदम घसरली. ज्याला आपले नाव कळू देण्याची लाज वाटते त्याला दुसऱ्याचा आकडा कशासाठी हवा असतो, हे त्यावरून उमगते. माझा भागाकार भाच्याला कळता तर मी तो केला असता का?

इथपर्यंत प्रश्न माझ्या मनाचा होता, आणि मनाचे काय, ते निवते. पण पुढच्या श्रावणात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. साठीचा गृहस्थ, कुपवाडच्या एका कारखान्यातून नुकताच निवृत्त झालेला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "सर, तुमच्या भाच्याचं वाचून पोरानं नोकरी सोडली."

मुलगा त्याच कारखान्यात चिकटला होता. भाच्याचा हिशोब त्याने छापून भिंतीला लावला आणि राजीनामा दिला. मग सहा महिने खपून गणेशोत्सव मंडळांच्या वर्गणीचा हिशोब ठेवणारे ॲप केले. कल्पना वाईट नव्हती. पण ज्या वस्तूची गरज वर्षातून दहा दिवस लागते आणि जिचे गिऱ्हाईक वर्गणीच्या हिशोबाबद्दल फारसे उत्सुक नसते, ती चालणार किती? अकरा महिन्यांत जे आले त्यात घरचे वीजबिलही भागले नव्हते. "सरांनी भाच्याला सांगावं," तो म्हणाला, "असलं लिहू नये म्हणून."

मी भाच्याला बोलावून घेतले आणि जे बोललो ते आठवून आज मला बरे वाटत नाही. मी त्याला वडिलांचा नियम ऐकवला. नऊ गोप्ये ऐकवली. झाकली मूठ ऐकवली. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "मामा, मी खोटं लिहिलं होतं का?"

नव्हते. आणि हाच माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणातला अवघड सांधा आहे. खरा आकडा सांगणाऱ्याने कोणाची फसवणूक केली असे म्हणता येईल का?

सिसेरोने एक जुनी कथा नोंदवली आहे. डायागोरस नावाच्या नास्तिकाला मित्राने सॅमोथ्रेसच्या देवळात नेले आणि नवस बोलून वादळातून वाचलेल्या खलाशांनी वाहिलेली चित्रे दाखवली. म्हणाला, एवढ्यांना देवांनी तारले, तरी तुझा विश्वास नाही? डायागोरस म्हणाला, बुडालेल्यांची चित्रे कुठे आहेत? देवळातले प्रत्येक चित्र खरे होते. तरी त्या भिंतीकडे पाहून समुद्रावर जाणारा मात्र फसणार होता. उत्पन्नाचे आकडे ही अशीच भिंत आहे. ज्याला तिथे टांगण्यासारखे काही मिळाले तोच टांगतो.

अपवाद आहेत, आणि त्यांना माझा नमस्कार आहे. २०१४ साली अमेरिकेतल्या एका प्रोग्रामरने आपल्या वाचनाच्या ॲपचा वर्षाचा हिशोब मांडला. त्या ॲपची वाहवा झाली होती. पाहणाऱ्याला वाटावे, याचे भले झाले. एकूण आले सुमारे बेचाळीस हजार डॉलर. कर आणि आजारपणाच्या विम्याचे हप्ते वजा जाता हातात राहिले एकवीस हजार, म्हणजे महिन्याला साडेसतराशे. त्या देशात एवढ्यावर कुटुंब चालत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत हनोईच्या डाँग न्गुयेन या तरुणाने 'फ्लॅपी बर्ड' या आपल्या फुकट खेळावर जाहिरातींतून दिवसाला पन्नास हजार डॉलर मिळतात असे मुलाखतीत सांगितले, आणि थोड्याच दिवसांत तो खेळ दुकानातून स्वतःच काढून घेतला. लोकांना त्याचे व्यसन लागत होते आणि त्याला झोप लागत नव्हती. पहिल्याचा आकडा किती जणांनी भिंतीला लावला असेल? दुसऱ्याचा पुष्कळांनी लावला, आणि खेळ काढून घेतल्याचे त्यांनी वाचले नाही, किंवा वाचून वेडेपणा म्हणून सोडून दिले. त्या पक्ष्याच्या नकलांची तर झुंबड उडाली. भाच्याच्या टाके मोजणाऱ्या ॲपच्याही आकडा जाहीर झाल्यावर एका हंगामात चार नकला आल्या. एकीने रंगसुद्धा बदलले नव्हते. तेव्हा मूठ झाकण्यात धंद्याचे शहाणपण आहे, हे मी नाकारत नाही. पण शहाणपण म्हणजे नीती नव्हे, आणि मी विचार करीत होतो तो नीतीचा.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिग्रंथाच्या चौथ्या भागात स्वतःबद्दल खरे बोलणाऱ्या माणसाचा विचार केला आहे. एका टोकाला बढाईखोर, दुसऱ्या टोकाला आपले असलेले कमी करून सांगणारा, मध्ये खरा माणूस. या दुसऱ्या टोकाच्या माणसाबद्दल तो जरा मऊ आहे, कारण तो लाभासाठी तसे करीत नाही असे त्याला वाटते. इथे माझे त्या थोर पुरुषाशी जमत नाही. कमी करून सांगण्यात लाभ नसतो हे त्याला कोणी सांगितले? ज्या समाजात मिळवत्या माणसाकडे चार हात पसरलेले असतात, तिथे बढाई महागात पडते आणि उणे सांगणे फायद्याचे होते. हे मी पुस्तकातून शिकलो नाही.

आपल्याकडे उत्पन्नाचा जो भाग पगार म्हणून येतो तो साऱ्यांना ठाऊक असतो. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांना महिना पंचाहत्तर रुपये मिळत, हे सर्वज्ञात होते. त्या पंचाहत्तरांत त्यांचा त्याग मोजला जाई. भांडण लागले ते बाहेरच्या कमाईवरून. १८९० साली टिळकांनी संस्था सोडली त्यामागच्या कारणांत सभासदांनी संस्थेबाहेर मिळवावे की नाही हा वाद होता. मिळवू नये, सर्वस्व संस्थेला द्यावे, असे टिळकांचे म्हणणे. गोखल्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चाले. एकदा लिहिले की वर्षानुवर्षे विकत राहणारी वस्तू. आजचे लोक त्याला ॲपच म्हणाले असते. त्या वादात कोण बरोबर होता हे ठरवण्याची माझी पात्रता नाही. मला फक्त एवढे दिसते की माणसाचे शील पगारात कळत नाही, ते वरच्या पैशात कळते.

माझा वरचा पैसा शिकवण्यांचा होता. १९७३ साली मी सांगलीला एका हायस्कुलात शिक्षक होतो, खोली घेऊन एकटा राहत होतो. आदल्या वर्षीच्या दुष्काळात तासगावचा बाजार बसला, दुकानाने माणसे कमी केली आणि वडील घरी बसले. धाकटा भाऊ त्याच वर्षी चांगल्या गुणांनी पास झाला. कऱ्हाडला इंजिनिअरिंगला त्याला जागा मिळत होती. तो जूनमधल्या एका दुपारी सायकल मारीत सांगलीला माझ्या खोलीवर आला. खिशात खर्चाचा अंदाज लिहिलेला कागद होता. तो कागद त्याने माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, "दादा, झेपेल का?"

मी म्हणालो, "या पगारात कसं झेपेल?"

वाक्य अक्षरशः खरे होते. पगारात झेपले नसतेच. धर्मराजाचा रथ ज्या वाक्याने जमिनीला टेकला, तेही असेच खरे होते. संध्याकाळी सहा ते नऊ त्या खोलीत मुले शिकायला येत आणि त्यांच्या पैशातून मी विश्रामबागेत एका जागेचे हप्ते भरत होतो, हे घरी कोणाला ठाऊक नव्हते. कोणी विचारले नव्हते, म्हणून मी सांगितले नव्हते. भावाने कागद घडी करून खिशात घालायला घेतला, मग तो तिथेच टेबलावर राहिला. चहा पिऊन तो गेला. पुढे एस. टी.त कंडक्टर झाला. बत्तीस वर्षे त्याने विट्याच्या डेपोत काढली. सुखात आहे. त्याने मला कधी काही विचारले नाही आणि दर भाऊबीजेला बहिणीकडे भेटला की पहिल्यांदा माझ्या पायाला हात लावतो.

त्या जागेवर मी बांधलेल्या घरात बसूनच मी भाच्याला झाकल्या मुठीचे शहाणपण शिकवत होतो. त्या मुलाने खरा आकडा सांगितला, आणि एका घरातली नोकरी गेली. ती मुलाच्या वयाला परत मिळण्यासारखी होती आणि मिळालीही. मी खरा आकडा सांगितला नाही. तिथे काय गेले, ते परत मिळण्यासारखे नव्हते. दोन्ही प्रसंगी कोणी खोटे बोलले नाही. तेव्हा "मी खोटं लिहिलं होतं का?" या त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायला त्या खोलीतला मी शेवटचा माणूस होतो. मी त्याला एवढेच म्हणालो, "खोटं नव्हतं. पण त्या पानावर सगळं होतं का, ते बघ."

त्याने ते मनावर घेतले. गेल्या वर्षीचा हिशोब त्याने निराळ्या तऱ्हेने लिहिला. न चालणारी दोन ॲप्स आली, त्यांवर घालवलेले महिने आले. नकलांमुळे झालेली घट आली. मग तो अडला. पहिली तीन वर्षे घर चालले ते बायकोच्या बँकेतल्या पगारावर. ते लिहिल्याखेरीज हिशोब पुरा होत नव्हता, आणि तो आकडा तर त्याचा नव्हता. सांगणाऱ्याच्या वहीत दुसऱ्यांचीही खाती असतात, याचा विचार उघडेपणाचे पुरस्कर्ते करीत नाहीत. सूनबाई माझ्यासमोरच म्हणाली, "पगार किती ते लिहू नका. पण मी होते, एवढं लिहा." मला हे फार बरोबर वाटले. कुपवाडच्या त्या मुलाला जी गोष्ट कळायला हवी होती ती ही होती, आणि तिला आकडा लागत नव्हता.

आणखी एक खाते निघाले. ओळी मोजून झाल्या की त्या मोबाइलमध्ये साठवण्याचे काम ज्या प्रणालीकडे असते तिचे नाव 'एसक्यूलाइट'. रिचर्ड हिप या अमेरिकन गृहस्थाने ती २००० साली केली आणि कोणताही हक्क न ठेवता सार्वजनिक करून टाकली. आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये ती आहे. भाच्याच्या ॲपमध्ये असे फुकट मिळालेले बरेच आहे. त्याने मोजून पाहिले तेव्हा त्याने स्वतः लिहिलेला भाग तळहाताएवढा भरला. २०१४ साली जगातल्या निम्म्या गुप्त व्यवहारांचे कुलूप असलेल्या 'ओपनएसएसएल'मध्ये भगदाड सापडले, तेव्हा लोकांना कळले की ते कुलूप सांभाळणाऱ्यांना वर्षाला देणग्या मिळत त्या दोन हजार डॉलरच्या आसपास. मग शेअर या शब्दाचा मला आधी झालेला गैरसमज, तो खरोखर गैरसमज होता का? आपला म्हणून जो आकडा आपण सांगायचा की झाकायचा याचा एवढा काथ्याकूट करतो, त्यात दुसऱ्यांचे किती, हे आधी पाहायला हवे होते. भाचा आता मिळकतीतला काही भाग अशा लोकांना पाठवतो. किती, ते त्याने लिहिलेले नाही. दान झाकावे हे त्या सुभाषितातले त्याला पटले असावे. मी विचारले नाही.

उरले माझे. भावाच्या गावी वाचनालय आहे. दिवाळी अंक आले की तो एकेक करून शिमग्यापर्यंत सगळे वाचून काढतो, आणि आवडलेल्या लेखाबद्दल मला फोन करतो. हा अंकही तिथे जातो.

तेव्हा तुला सांगतो. १९७३ च्या जूनमध्ये माझ्याकडे शिकवणीला नऊ मुले येत होती. सहा वीस रुपयांची, तीन पंचवीसची; एकूण एकशे पंच्याण्णव. पगार तीनशे बारा, तो तुला ठाऊक होता. खोलीचे भाडे आणि खानावळ पगारातच भागे. कऱ्हाडच्या खोलीचा, जेवणाचा आणि फीचा मिळून तू काढलेला अंदाज महिना एकशे दहा रुपये होता. तो कागद माझ्याजवळ आहे.